स्टीलचा तांब्या, पितळेची समई आणि काशाची वाटी

पाणी प्यायचे भांडे स्टीलचे असले तरी मराठीत त्याला तांब्याच म्हणतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. तांबे स्वयंपाकघरातून जवळजवळ गेले, नाव तेवढे मागे राहिले. खरी पंचाईत होते ती माळ्यावरची जुनी भांडी खाली काढताना. लालसर घंगाळ तांब्याचे हे कळते, पिवळी परात पितळेची हेही कळते. पण फिकट पिवळट रंगाची, टिचकी मारली की बराच वेळ नाद करत राहणारी वाटी कशाची, यावर घरात दोन मते पडतात. ती काशाची असते. त्यानंतर हमखास येणारा प्रश्न असा की, या तिघांत शुद्ध कोणते आणि म्हणून चांगले कोणते.

शुद्ध धातू म्हणाल तर तिघांत एकटे तांबेच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कासे म्हणजे तांबे आणि कथील. मात्र तुपाच्या शुद्धतेचा हिशेब इथे लागू पडत नाही. तुपात डालडा मिसळला तर तूप बिघडते आणि मिळत काहीच नाही. तांब्यात जस्त किंवा कथील मिसळले तर तांब्याचे काही गुण कमी होतात, पण त्या बदल्यात तांब्याजवळ मुळातच नसलेले काही गुण पदरात पडतात. कोणते गुण जातात, कोणते येतात आणि का, हे कळले की घंगाळ तांब्याचे, समई पितळेची आणि घंटा काशाची का करतात, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

फळवाल्याने गाडीवर रचलेली मोसंबी डोळ्यांसमोर आणावीत. सगळी एका आकाराची असतील तर थर नीट बसतात आणि वरचा थर खालच्या थरावरून सहज सरकतो. शुद्ध तांब्यातील अणू साधारण असेच रचलेले असतात, आणि हातोडीच्या घावाने हे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून तांबे न तुटता पसरते, वाकते, त्याची केसासारखी बारीक तार निघते. आता या रचनेत मधूनमधून थोडी मोठी फळे घातली तर आजूबाजूची फळे ढकलली जातात, थर वेडेवाकडे होतात आणि घसरण अडते. मिश्रधातू मूळ धातूपेक्षा कठीण होतो तो मुख्यतः या अडथळ्यामुळे. जस्ताचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा किंचितच मोठा आहे, त्यामुळे जस्त भरपूर मिसळता येते आणि कठीणपणा हळूहळू वाढतो. कथिलाचा अणू बराच मोठा आहे, म्हणून कथील थोडेच सामावते, पण थोडक्यात मोठा फरक करते.

वीज आणि उष्णता यांचे वहन करणारे इलेक्ट्रॉन मात्र याच अडथळ्यांवर आदळून विखुरतात. तांब्याची विद्युतवाहकता १०० धरली तर ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची सुमारे २८ भरते, आणि १० टक्के कथिलाच्या ब्राँझची, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूची, जेमतेम ११. घरातील विजेच्या तारांना ९९.९ टक्क्यांहून शुद्ध तांबे लागते ते यामुळे. त्याच घरातील तीन पिनांचा प्लग उघडून पाहिला तर आत येणारी तार तांब्याची आणि पिना पितळेच्या दिसतात. वाहकता एवढी महत्त्वाची असेल तर पिनाही तांब्याच्या का करत नाहीत? तांब्याची पिन रोजच्या काढघालीत झिजेल आणि वाकेल, आणि तिच्यावर स्क्रूचे आटे पाडणेही त्रासाचे होईल. शिवाय पिनेची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर आणि जाडी भरपूर असल्याने वाहकता कमी असूनही काम भागते. तीच सूट पन्नास मीटर तारेला देता येत नाही. पिनेला घट्ट धरून ठेवणाऱ्या पत्तीसाठी चांगल्या दर्जाच्या वस्तूंत बहुधा फॉस्फर ब्राँझ, म्हणजे किंचित फॉस्फरस घातलेले ब्राँझ, वापरतात, कारण दाबल्यावर पुन्हा मूळ जागी येण्याचा स्प्रिंगचा गुण कथिलामुळे येतो.

तांब्याला कठीण करण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि त्याला काहीही मिसळावे लागत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत हा मार्ग कानांनीच समजतो. तांबट पत्रा ठोकून भांड्याचा आकार आणतात, आणि जसजसे घाव पडतात तसतसे तांबे अधिकाधिक ताठ होत जाते, कारण थरांच्या घसरणीचा गुंता वाढत जाऊन पुढची घसरण अवघड होते. एका टप्प्यानंतर तसेच ठोकत राहिले तर पत्र्याला चिरा जातील. म्हणून भांडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ केले जाते आणि मग ठोकणे पुढे चालू होते. शेवटी भांड्याच्या अंगावर ओळीने जे बारीक खोलगट ठसे उमटवतात त्याला मठारकाम म्हणतात. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते आणि विकतानाही ती नक्षी म्हणूनच विकली जाते, पण तिचे मूळ काम मऊ पडलेल्या भांड्याला पुन्हा ताठपणा देण्याचे आहे. मठारलेला हंडा काठाला धरून उचलला तरी दबत नाही तो या ठशांमुळे.

हे सगळे ठोकण्यापुरते झाले. तांब्याचे ओतकाम हे मात्र अवघड प्रकरण आहे. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, वितळलेल्या अवस्थेत वायू शोषून घेते आणि थिजताना ते बाहेर सोडते, त्यामुळे ओतलेल्या वस्तूत पोकळ्या राहतात. रस जाडसर असल्याने साच्याच्या बारीक कोपऱ्यांत नीट शिरतही नाही. जस्त मिसळल्याने ही अडचण पुष्कळशी दूर होते. ४० टक्के जस्ताचे पितळ सुमारे ९०० अंशांना वितळते, रस चांगला वाहतो आणि साच्यातले बारीक कोरीवकाम वस्तूवर उतरते. समईचा दांडा, वरचा मोर आणि देवघरातील बाळकृष्ण पितळेचे असतात ते सोन्यासारख्या रंगामुळे खरेच, पण त्याहून अधिक ओतण्याच्या सोयीमुळे.

पितळ करणे हे मात्र फार काळ कोडेच होते. जस्त ९०७ अंशांना उकळते, म्हणजे तांबे वितळण्याच्या आधीच त्याची वाफ होते. जस्ताचे खनिज भट्टीत कोळशाबरोबर तापवले तर धातू मोकळा होतो खरा, पण वाफेच्या रूपात, आणि ती वाफ हवा लागताच जळून पांढरी भुकटी होते. त्यामुळे जुन्या काळी तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र बंद मुशीत तापवत आणि जस्ताची वाफ तांब्यात मुरवत. या पद्धतीने साधारण ३० टक्क्यांपेक्षा जास्त जस्त तांब्यात जात नसे. सुटे जस्त मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे मध्ययुगात साधली गेली. तिथल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत बसवल्या, जेणेकरून वाफ वर न जाता खाली उतरेल आणि हवा न लागता थंड होऊन थेंबांच्या रूपाने भांड्यात जमेल. वापरून टाकलेल्या त्या मुशींचे ढीग झावरला आजही आहेत. माझ्या मते आपल्या धातुविद्येतील ही सर्वांत हुशारीची गोष्ट आहे, आणि दिल्लीच्या लोहस्तंभाएवढे नाव तिच्या वाट्याला आलेले नाही.

सगळे पितळ एकसारखे नसते. जस्त साधारण ३५ टक्क्यांच्या आत असेल तर ते तांब्याच्या रचनेत पूर्ण विरघळते आणि असे पितळ थंड असतानाच खेचता, दाबता, ठोकता येते. बंदुकीच्या काडतुसाची नळी, कळशी, परात ही सगळी या वर्गातली. जस्त ४० टक्क्यांजवळ गेले की एक दुसरी, अधिक कठीण रचना आत तयार होते. असे पितळ थंड ठोकल्यास तडकते, पण गरम असताना छान वळते. इंग्लंडमध्ये १८३२ साली मुंट्झ नावाच्या उद्योजकाने ६०-४० प्रमाणाच्या अशाच पितळेचे पेटंट घेतले, आणि लाकडी जहाजांच्या तळाला ठोकायच्या महागड्या तांब्याच्या पत्र्यांची जागा या पितळेने घेतली. तिसरा वर्ग शिसे घातलेल्या पितळेचा. शिसे तांब्यात विरघळत नाही, अगदी बारीक कणांच्या रूपाने विखुरलेले राहते, आणि लेथवर कातताना या कणांपाशी कीस तुटून सुटा पडतो. जामनगरच्या कारखान्यांत तयार होणारे पितळी सुटे भाग, स्क्रू, नळांचे आटे यांसाठी सुमारे तीन टक्के शिसे असलेले पितळ फार सोयीचे पडते. अशा पितळेत अन्न शिजवायचे नसते, हे सांगायला हवे. ‘पितळ आरोग्याला उत्तम’ असे सरसकट लिहिणाऱ्यांना कोणते पितळ, हे एकदा विचारावे.

पितळेला दोन खोडी आहेत. पहिली खोड ब्रिटिश सैन्याने भारतातच अनुभवली. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे न वापरताच तडकलेली सापडत. खेचून घडवलेल्या नळीत आतून ताण शिल्लक राहिलेला असतो, घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो, आणि पावसाळी दमट हवेत हे दोन्ही एकत्र आले की पितळेच्या कणांमधल्या सांध्यांतून चीर पुढे सरकत जाते. १९२१ साली ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी याचे नीट स्पष्टीकरण दिले. घडवून झाल्यावर वस्तू बेताची तापवून आतला ताण काढून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे. दुसरी खोड मी घरीच पाहिली. न्हाणीघरातला एक नळ वरून चकचकीत असूनही फिरवताना हातात तुटून आला. तुटलेल्या जागी पिवळा रंग शोधूनही सापडेना. तिथे गुलाबीसर, भुसभुशीत, नखाने कोरला जाईल असा थर होता. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने पितळेतले जस्त हळूहळू ओढून नेले होते आणि मागे तांब्याचा नुसता सांगाडा उरला होता. जस्त जास्त असलेल्या पितळेला हा रोग अधिक जडतो. नळ आकाराने शाबूत दिसत असतो, म्हणूनच तो फसवतो. ‘पितळ उघडे पडणे’ या वाक्प्रचारात मुलाम्याखालचे पितळ दिसते, इथे पितळेखालचे तांबे दिसले एवढाच फरक.

कथिलाकडे वळताना आधी शब्दांचा घोळ निस्तरलेला बरा. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाला शाळेच्या पुस्तकात कांस्य किंवा ब्राँझ म्हणतात, आणि त्यात कथील साधारण १० ते १२ टक्के असते. घरातले कासे हे त्याच कुळातले, पण त्यात कथील २० ते २२ टक्क्यांच्या आसपास असते, आणि एवढ्या फरकाने दोघांचे स्वभाव वेगळे होतात. उलट इतिहासात ज्याला सर्रास ब्राँझ म्हणतात ते कित्येकदा ब्राँझ नसतेच. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव धातूच्या आकृती सापडल्या, आणि त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक भरले. त्यांना ‘दायमाबादची ब्राँझ शिल्पे’ म्हणतात. पण तपासणीत त्यांच्या धातूमध्ये आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आढळले. आर्सेनिकही तांब्याला कठीण करते आणि ओतकाम सुधारते, आणि कथिलाच्या आधी जगात अनेक ठिकाणी ते काम आर्सेनिकच करत होते.

दहा टक्के कथिलाचे ब्राँझ चिवट, झीज सोसणारे आणि खाऱ्या पाण्यात टिकणारे असते, म्हणून पुतळे, बेअरिंगचे बुश आणि पंपांचे भाग त्याचे करतात. कथील २० टक्क्यांपलीकडे गेले की धातूच्या आत तांबे-कथिलाचे एक अतिशय कठीण, काचेसारखे ठिसूळ संयुग मोठ्या प्रमाणात तयार होते. थर घसरायचे जवळजवळ थांबतात, आणि तेच घंटेला हवे असते. धातूला ठोका दिला की त्याची ऊर्जा दोन वाटांनी खर्च होऊ शकते: थर आतल्या आत हलण्यात, किंवा कंपनांत. तांब्यात पहिली वाट खुली असते म्हणून तांब्याच्या भांड्याचा आवाज बद्द येतो. काशात ती जवळजवळ बंद असते म्हणून कंपने टिकतात आणि नाद रेंगाळतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत टांगल्या, त्यांतली नाशिकची नारोशंकराची घंटा आपल्या बोलीतही येऊन बसली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला ती उपमा देताना आपण नकळत कथिलाच्या टक्केवारीचेच कौतुक करत असतो. अशी घंटा टणक असली तरी चिवट नसते. उंचावरून दगडावर पडली तर ती तडकते आणि मग तिचाही आवाज बद्द होतो.

एवढ्या ठिसूळ धातूची ताटवाटी मग घडते कशी? लाल तापलेल्या अवस्थेत हा धातू थोड्या वेळापुरता वळणदार होतो, आणि ठोकणाऱ्यांना तेवढ्या वेळातच घाव घालून घ्यावे लागतात. थंड झाला की पुन्हा भट्टीत. शेवटी लाल असतानाच तो पाण्यात बुडवतात. पोलादाचे पाते असे बुडवले तर ते ठिसूळ होते, कासे मात्र उलट कमी ठिसूळ होते, कारण अचानक थंड केल्यामुळे ते ठिसूळ संयुग तयार व्हायला वेळच मिळत नाही. याच वाटीने तूप लावून तळपाय घासले की तळपाय आणि वाटी काळी पडतात, आणि अंगातली उष्णता बाहेर आली असे आजी सांगते. तुपा-तेलातील आम्ले काशातील तांब्याशी संयोग पावतात आणि घासण्याने धातूचे सूक्ष्म कणही निघतात, त्या दोहोंचा तो काळा रंग. पाय चोळल्यावर शांत झोप लागते हे मात्र खरे, आणि ते श्रेय चोळणाऱ्या हाताला द्यायला हरकत नाही.

निकेलचे काम थोडक्यात सांगता येते. तांब्यात निकेल कितीही मिसळते आणि रंग झपाट्याने उडवते. जुने, जाड, पांढरे पाच रुपयांचे नाणे तीन चतुर्थांश तांब्याचे होते आणि उरलेले निकेल, यावर ऐकणाऱ्याचा सहसा विश्वास बसत नाही. दहा रुपयांच्या नाण्याची पिवळी कड ॲल्युमिनियम ब्राँझची आहे, म्हणजे ९२ टक्के तांबे, सहा टक्के ॲल्युमिनियम आणि दोन टक्के निकेल. जर्मन सिल्व्हर या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंत चांदी नसते, त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. आणि खेड्यांत ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात त्याचा या मिश्रधातूशी काही संबंध नाही, ते साधे ॲल्युमिनियम असते.

आता स्वयंपाकघर. ताक, चिंचेचे सार किंवा टोमॅटोची आमटी उघड्या पितळेत ठेवली की कळकते, हा अनुभव जुना आहे. आम्ल आणि हवेतील प्राणवायू मिळून पृष्ठभागावरचे तांबे विरघळवतात आणि ते अन्नात उतरते. चव तुरट-कडवट होते आणि जास्त झाले तर मळमळ, उलट्या होतात. तांबे शरीराला अल्प प्रमाणात लागते, म्हणून प्रश्न प्रमाणाचा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते असे जागतिक आरोग्य संघटना मानते. साधे पाणी रात्रभर तांब्याच्या स्वच्छ भांड्यात ठेवल्यास त्यात उतरणारे तांबे साधारणतः या मर्यादेच्या बरेच खाली असते, आणि तेवढ्यानेही पाण्यातील बरेच जंतू मरतात. लिंबू पिळलेले पाणी मात्र त्या भांड्यात ठेवू नये.

दुधाची गोष्ट अधिक गंभीर आहे. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे पकडून ठेवते. लहान मुलांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार आपल्याकडे इतका आढळे की त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ पडले होते. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वरचे दूध बाळांना फार लवकर सुरू करणे हे त्याचे एक कारण असावे, हे पुण्यातील बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मधून मांडले. असे दूध पिणारे प्रत्येक बाळ आजारी पडत नसे, त्यामुळे काही मुलांत जन्मजात प्रवृत्तीही असावी; पण घरोघरी स्टील आले आणि हा आजार दुर्मीळ झाला.

जुन्या पिढीकडे यावर उपाय होताच, तो म्हणजे कल्हई. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो, मग कथिलाची कांडी भांड्याला टेकवून कापसाच्या बोळ्याने ती चांदीसारखी फिरवतो. धातूवरचा काळा थर काढण्याचे काम नवसागर करतो, आणि वितळलेले कथील उघड्या तांब्याशी जिथे मिळते तिथे दोघांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. कल्हई चिकटून राहते ती त्या थराच्या आधाराने. कथील २३२ अंशांनाच वितळत असल्याने कल्हईचे भांडे रिकामे गॅसवर ठेवू नये, आणि स्वस्त कल्हईत शिसे मिसळलेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

विकत घेताना किंवा मोडीत काढताना ओळख कशी पटवायची, हे शेवटी उरते. हातात तोलून काही कळत नाही, कारण तिन्ही धातू पाण्याच्या साधारण साडेआठ ते नऊ पट जड असतात. लोहचुंबक यांपैकी कोणालाही चिकटत नाही, त्यामुळे समईला तो चिकटला तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड आहे असे समजावे. न चिकटल्यास मात्र तेवढ्यावरून ती पितळेचीच असे म्हणता येत नाही. वरच्या रंगावरही भिस्त ठेवू नये, कारण मुलामा, लाख आणि वर्षांनुवर्षांचा काळपटपणा तो झाकून टाकतात. भंगारवाला म्हणूनच कानस काढतो, भांड्याच्या बुडाशी एकदा ओढतो आणि आतला ताजा रंग उजेडात धरतो. लालसर निघाला तर तांबे, आणि भाव सहसा पितळेहून चढा. पिवळा निघाला तर पितळ. फिकट, पांढुरक्या छटेचा पिवळा निघाला की तो वाटी दोन बोटांवर तोलून कानाजवळ नेतो आणि टिचकी मारतो.